‘प्ले’चा पाचवा अर्थ

“बोला मॅडम,” गाडीखालून आवाज आला.

त्याला तिथून फक्त आपल्या चपला दिसत असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग तो सरपटत बाहेर आला, उभा राहिला, आणि तिच्याकडे नीट पाहून पुन्हा म्हणाला, “बोला मॅडम.”

सख्खा थोरला भाऊ. लहानपणी तिला पाठुंगळी घेऊन गल्लीभर फिरवणारा. भांडण कशावरून झालं होतं हे आता दोघांपैकी एकालाही धड सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र दोघांनी वर्षानुवर्षं इमानाने सांभाळला होता.

ती शब्दकोशाच्या कार्यालयात कामाला होती. तिथला नियम असा, की इंग्रजी शब्दाचा अर्थ पुस्तकातून उचलायचा नाही. ज्याच्या धंद्यात तो चालतो त्याच्या तोंडून ऐकायचा, मगच कार्डावर लिहायचा. सध्या ‘प्ले’ची पाळी होती. नटाने प्ले म्हणजे नाटक सांगितलं, क्रीडाशिक्षकांनी खेळ, रेकॉर्डिंगवाल्याने बटण. मुलांच्या डॉक्टरीणबाई पोरांना खेळवून बरं करायच्या, त्यांनी तर त्याचं औषधच करून टाकलं होतं. राहता राहिलं यंत्र.

“एक शब्द हवाय,” ती म्हणाली. “प्ले. तुमच्या कामात म्हणतात ना?”

‘दादा’ ओठांवर आलं होतं. पण तो मॅडमवर अडून बसल्यावर हिची जीभ कशी वळणार?

त्याने एका गाडीचं दार उघडलं. “बसा. स्टिअरिंग हलवा. हळू.”

तिने हलवलं.

“पुढचं चाक हललं?”

“नाही.”

“अजून थोडं. आता हललं. मधे हात नुसताच फिरला, तेवढा प्ले. जास्त झाला तर गाडी भलतीकडे जाते.”

“आणि अजिबात नसला तर?”

“जाम. थोडा लागतोच.”

तिने लिहून घेतलं. जेमतेम दोन ओळी. एवढ्यात काम संपेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने तारीख घातली, शब्दाखाली रेघ मारली, मग उगाच तीच रेघ पुन्हा गिरवली. त्याने एकदा ‘अगं’ म्हणावं, जेवलीस का विचारावं, नाहीतर चक्क ओरडावं. तेवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता.

“एवढ्यासाठी शहराच्या या टोकाला आलात?” तो हात पुसत म्हणाला. “तुमच्या ऑफिसखालीच गॅरेज आहे की.”

“त्याला नीट सांगता येत नाही.”

“विचारलं होतंत?”

तिने पेनाला टोपण लावलं. आणि मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. “ऑफिसखाली गॅरेज आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्याचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसतच राहिला.

“जाणं होतं त्या बाजूला. पार्ट आणायला.”

त्या बाजूला पार्टचं दुकान औषधालाही नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्याला. त्याने फडकं बॉनेटवर टाकलं.

“ताकाला येऊन भांडं लपवायची खोड काही जात नाही तुझी.”

तुझी. तिचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तिने घाईघाईने पर्समधून कोरं कार्ड काढलं.

“दादा, आलेच आहे तर अजून एक. क्लच म्हणजे नक्की...”

“आज नाही,” तो म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. थोड्या वेळाने तिथूनच आवाज आला, जरासा घोगरा. “गाडीत शब्द पुष्कळ आहेत. एका दिवसात संपवू नकोस.”