जुनी प्रत

चाचणी पुन्हा पास झाली आणि अनन्यानं कपाळाला हात लावला. पास झाल्यावर रडू येणारी बाई जगात एकटी तीच असेल.

उद्या तिच्या नवऱ्याचं, वरदचं वर्षश्राद्ध होतं. नगरच्या ऑफिसातून सुट्टी काढून ती सकाळीच नेवाशाजवळच्या या गावी, सासऱ्यांकडे आली होती. ओसरीवर लॅपटॉप उघडून बसली ती बसलीच.

प्रवरेवरचा कमी उंचीचा पूल ओलांडल्याशिवाय गावात येता येत नाही. धरणातून पाणी सोडलं की तो बुडतो. म्हणून वरदनं गावातल्या मित्रांना घेऊन एक वेबपेज केलं होतं. त्यावर एवढंच असायचं, 'पूल खुला' किंवा 'पूल बंद'. पावसाळ्यात अख्खी पंचक्रोशी ते बघायची, म्हणून अनन्यानं मध्ये एक कॅश सर्व्हर बसवून दिला. गावचा वाणी नगरहून माल आणून ठेवतो, तसा हा पेजची प्रत जवळ ठेवतो आणि मागेल त्याला लगेच देतो. धोका एकच, माल शिळा निघू शकतो.

वर्षापूर्वीच्या त्या संध्याकाळी मित्रांनी पेजवर 'पूल बंद' टाकलं. त्यानंतर वरद नगरहून मोटरसायकलवर गावाकडे निघाला आणि अर्ध्या पुलावरून वाहून गेला.

कॅशनं त्याला जुनी प्रत दिली असेल, तर तो फसला. आणि कॅश अनन्याचा, म्हणजे तिनंच त्याला मारलं. पण कॅशनं खरं सांगितलं असेल, तर पूल बंद आहे हे वाचून तो त्यावर गेला. त्या दिवसांत वरदला झोप नव्हती, बोलणं तुटलं होतं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. आपणच त्याला मारलं असं निघावं, म्हणून ती वर्षभर देव पाण्यात घालून बसली होती.

त्या दिवसाच्या नोंदी सर्व्हरवरून केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. उरली होती ही चाचणी. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाईप केली की लिहून ठेवलेली स्क्रिप्ट चालायची. त्यात सगळं नाटकच. एक खोटा सर्व्हर आधी 'खुला' म्हणतो, मग 'बंद' म्हणतो. एक खोटा वाचक येऊन विचारतो. मधला कॅश तेवढा खरा. वाचकाला 'बंद' मिळालं तर चाचणी पास, 'खुला' मिळालं तर नापास.

दर वेळी पास. तिनं वाचकाला घाई करायला लावली, सर्व्हरला उशीर करायला लावला, एकदम गर्दी लोटून पाहिली. कॅश बधेना. त्या खोट्या वाचकाला ती मनातल्या मनात वरदच म्हणू लागली होती. तो विचारायचा, त्याला 'बंद' सांगितलं जायचं, आणि तिच्या डोळ्यांपुढे तो तरीही गाडीला किक मारायचा.

शेजारच्या लंकाबाई दूध घेऊन आल्या.

"येवढं काय बघता ओ वहिनी त्यात?"

"चूक कुठे सापडते का, ते बघते."

"लोकं कायबी बोलत्यात. पानी दिसत हुतं म्हनं, तरी गाडी घातली म्हनं. तुमी न्हाई ऐकायचं."

ऐकू नका म्हणता म्हणता सगळं ऐकवून त्या गेल्या.

सासरे, दत्तोपंत, समोर बसून उद्या बोटात घालायची दर्भाची पवित्रकं करत होते. त्यांचे हात थांबले.

"काय निघालं?" हा प्रश्न त्यांनी वर्षभर प्रत्येक फोनवर विचारला होता.

"अजून बघतेय, बाबा."

"म्हणजे त्यानं ते पेज बघितलं, हे तू धरूनच चालली आहेस."

"न बघता तो कधी निघालाय का?"

"नाही," ते म्हणाले. "त्या बाबतीत पक्का होता." मग त्यांनी विचारलं, "आणि मशीनची चूक नसली तर?"

अनन्यानं मान वर करून बघितलं. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता. उद्या याच हातांनी पोटच्या पोराला पिंड द्यायचा होता. पोराला जगायचंच नव्हतं, हे कळल्यावर तो हात उचलला असता का? तिला त्यांची फार दया आली.

तिनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि स्क्रिप्टमधल्या कॅशच्या नियमाची एक ओळ बदलली. बातमी बदलली तरी जुनी प्रत दिवसभर धरून ठेव. मग दत्तोपंतांना शेजारी बसवून तिनं आज्ञा दिली. वाचकानं विचारलं. कॅश म्हणाला, 'पूल खुला'. खाली नापास उमटलं.

"सापडलं, बाबा. त्याला पूल खुलाच दिसला. वरदची काही चूक नव्हती. चूक माझी आहे."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा चालव."

तिनं पुन्हा चालवली. पुन्हा नापास.

दत्तोपंत ढसाढसा रडले. वर्षभरात ते असे रडले नव्हते. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू काही मुद्दाम केलं नाहीस. मी तुला दोष देणार नाही, बाळ. गावात कोणी विचारलं तर मीच सांगेन, सुनेच्या हातून चुकलं म्हणून."

तिनं मान हलवली आणि ती दूध तापवायला आत गेली.

दत्तोपंतांनी डोळे पुसले, वरदच्या फोटोसमोर जाऊन हात जोडले आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "त्या दिवशी सकाळी नदीवर अंघोळीला गेलो तेव्हा पूल कोरडा होता रे. म्हणून तर संध्याकाळी तुला फोनवर म्हणालो, ते पेज-बिज बघत बसू नकोस, नीघ."