आधी हिची

"आधी हिची तपासणी करा, मग माझी," पक्षाघातातून नुकतेच उठलेले आजोबा हटूनच बसले.

"अहो, पेशंट तुम्ही ना!" टेक्निशियन बाई वैतागल्या. पण आजोबा काही ऐकेनात. शेवटी आजींनीच कपाळाला हात लावला आणि पलंगावर आडव्या झाल्या. बाईंनी त्यांच्या दंडांना नि घोट्यांना रक्तदाबाचे पट्टे बांधले. आकडे पाहिले आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं.

"आजी, पायांच्या धमन्या चोंदत चालल्यात. मानेच्याही बघू. पण वेळेत कळलं, गोळ्यांवर भागेल."

आजी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कसं कळलं हो?"

"फिरायला गेलो की दर खांबापाशी पोटरी चोळत म्हणतेस, 'तुम्ही दमलात, थांबू या.'" आजोबा वाकड्या तोंडाने हसले. "अगं, मी एकदाही दमलो नव्हतो."