उघडेनाशी झालेली गाणी

"आई, हल्ली ओजसची गाणी ऐकत नाहीस?" दिवाळीसाठी लांज्याला आलेल्या हेमांगीने विचारलं. एरवी आई भाजी चिरायला बसली की तिच्या जुन्या मोबाइलवर त्याचा आवाज चालू असायचा.

"उघडतच नाहीत गं. गणपतीपासून."

हेमांगी चरकली. भाऊ ओजस वारल्यापासून त्याच्या गाण्यांची वेबसाइट तीच सांभाळत होती. साइटची जोडणी सुरक्षित नव्हती, त्यामुळे पान मोबाइलपर्यंत पोचण्याआधी वाटेतच कुणीतरी ओजसच्या फोटोखाली घाणेरड्या जाहिराती घुसवत होतं. ते पाहवेना, म्हणून गणपतीत तिने सगळी पानं फक्त सुरक्षित जोडणीवरच उघडतील असं केलं. जाहिराती थांबल्या. तिला हायसं वाटलं. पण आईच्या जुन्या मोबाइलला ती जोडणी जमणार नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अगं, मग मला फोन का नाही केलास?"



"मला वाटलं, तूच बंद केलीस. आईने आता सावरावं, असं तुला वाटत असेल. म्हणून मीही मागितली नाहीत. पण नाही गं जमत."