चापाचा स्क्रू

"चाप हलतच नाही. स्क्रू चिकटवलाय कुणीतरी," म्हणत ह्यांनी रायफल माझ्या दादाच्या टेबलावर ठेवली. बंदुका दुरुस्त करण्यात दादाचा हात धरणारं कुणी नाही, म्हणूनच मला धडकी भरली.

परवा हीच रायफल ह्यांनी माझ्यावर आणि बाळावर रोखली होती. काल हे आंघोळीला गेल्यावर मी चापाचा स्क्रू आवळून त्यात स्क्रू पक्का धरून ठेवणारा लाल डिंक ओतला. दादाच्याच दुकानातला.

दादाने तो लाल थेंब पाहिला, मग मला.

"तापवलं की सुटेल," हे म्हणाले.

दादाने सोल्डरिंगच्या यंत्राचं टोक स्क्रूवर टेकवलं. मी बाळाला घट्ट धरलं. तेव्हा दिसलं, त्याने बटण चालूच केलं नव्हतं.

"नाही निघत, जावईबापू. रायफल इथेच राहू द्या."

मग त्याने माझ्या कडेवरून बाळाला घेतलं.

"आणि ह्या दोघांनाही."