भैरोबाचा डोंगर

“सर, कमाल केलीत! शेवटी अमूर्ताकडे वळलात!” कलासमीक्षक झालेली केतकी प्रदर्शनातल्या शेवटच्या चित्रापुढे हरखून उभी होती. त्यात नुसते दोन पट्टे होते. खाली करडा, वर धुळकट पांढरा.

‘समोर दिसेल तेच काढायचं,’ हे ढोणेसरांनीच तिला गावच्या शाळेत शिकवलं होतं. सर स्वतः दर दिवाळीला त्याच चिंचेखाली बसून भैरोबाचा डोंगर रंगवत. खाणवाल्यांनी डोंगर फोडत नेला, तसा तो चित्रांतही खचत गेला. आता शेजारच्या टेकडीला सुरुंग लागणार होते. ते थांबावेत, म्हणून सरांनी सगळी चित्रं ओळीनं मांडली होती.

“अगं, मी कुठे वळलो? नीट बघ, आपला डोंगर कुठाय?”

केतकीनं सगळी चित्रं पुन्हा न्याहाळली.

“नाहीये तेच छान, सर. जुन्या चित्रांत तो उगाच मध्ये येत होता.”