यादीतलं पहिलं

"भोंगेवाली रिक्षा फिरायची ना, तिच्यावरून तुमचं दुकान कळलं," गाद्यांच्या दुकानात माझ्यापुढचे आजोबा बिल करणाऱ्या ताईंना म्हणाले. ताईंनी स्क्रीनवर 'मोबाइलवरची ऑडिओ जाहिरात' यावर बोट टेकवलं.

मी दचकले. ती जाहिरात आमच्या कंपनीची. कुठल्या जाहिरातीनं किती गिऱ्हाईक आलं, ते मोजायचं काम माझं. दहातले नऊ ऑडिओमुळे येतात, असा अहवाल सहा महिने खुर्चीत बसून मीच केला. तो वाचून या दुकानाच्या मालकांनी रिक्षा बंद केली. त्याच खुर्चीनं पाठ मोडली, म्हणून आज गादी घ्यायला आले होते.

"ताई, आजोबा रिक्षा म्हणाले."

"यादीत रिक्षा कुठाय? मग मी आपलं पहिलंच दाबते सगळ्यांना."

ती यादी मीच बनवून दिली होती.