ढगाळ म्हणून सांगितलेली रात्र

"तुमच्या ताऱ्याला काय सुरेख रात्र मिळाली होती," परिषदेच्या मधल्या सुट्टीत चहा ओतून घेताना दुर्बीण चालवणारा तंत्रज्ञ म्हणाला. "आकाश अगदी धुतल्यासारखं."

तिचा कप हातातच राहिला. त्या रात्री ढग होते, असं तिला नवऱ्याने सांगितलं होतं.

दोघंही फुटणाऱ्या ताऱ्यांवर काम करत. अशा प्रत्येक स्फोटात थोडा कार्बन न जळता उरतोच, असं तिचं म्हणणं. तो उरला असेल, तर ताऱ्याच्या अवरक्त वर्णपटाच्या रेघेत एका ठरावीक जागी खळगा दिसतो, आणि तोही तारा सर्वांत तेजस्वी असतो त्या सुमाराला. पुढे ती खूण पुसली जाते. गेल्या वर्षी तसा एक तारा अगदी जवळ फुटला, तेव्हा त्यांची मुलगी तापाने फणफणली होती. मुलीजवळ ती घरी थांबली. नवरा आपल्या कामासाठी वेधशाळेत होता. "तासभर माझ्या ताऱ्याला दे," एवढंच तिने फोनवर मागितलं होतं.

परिषदेलाच आलेल्या नवऱ्याला तिने जिन्यात गाठलं. "वर्णपट घेतला होतास?"

लॅपटॉप उघडून त्याने तिच्यासमोर धरला. खळगा असायला हवा होता तिथे रेघ सपाट होती. वाद घालायला जागाच नव्हती.

म्हणजे त्याने चोरलं नव्हतं, लपवलं होतं. वर्षभर तो तिचे मसुदे वाचत होता, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होता.

"तुला झेपलं नसतं," तो म्हणाला. "पोरीचं आजारपण, त्यात हे. नंतर सांगू म्हटलं, ते राहूनच गेलं."

"प्रत्येक स्फोटात कार्बन उरतो, हेच मी आज दुपारी सगळ्यांसमोर मांडणार होते."

"कोणाला कळणार होतं?"

तिने ती फाइल मागून घेतली.

दुपारी व्याख्यान अर्ध्यावर आल्यावर तिने तो वर्णपट पडद्यावर लावला. "इथे कार्बन नाही. माझं चुकलं," ती म्हणाली. सभागृहात टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतला नवरा सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होता.

पुढे बसलेल्या वयस्कर प्राध्यापक बाईंनी हात वर केला. "इतका स्वच्छ वर्णपट घेतला कोणी?"

नवरा खुर्चीत सावरून बसला. ओठांवर थोडं हसूही आलं.

"एका सहकाऱ्याने," ती म्हणाली, आणि तिने पुढचा प्रश्न घेतला.